जाणत्यानें पुन्हां शिकावें कसें?



जन्मभर मुलांना व्याकरण शिकविलेल्या मास्तरानें संगणकाच्या भाषांविषयीं बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु आतां घरोघरीं एखादा प्रोग्रॅमर आहे, आणि त्यांपैकीं बरेचजण चाळिशीला आलेले आहेत. पंधरा वर्षें जावा भाषेंत काम केल्यावर एके दिवशीं कचेरींत सांगण्यांत येतें कीं, पुढील काम पायथन भाषेंत आणि जँगो नांवाच्या फ्रेमवर्कमध्यें करावयाचें. त्या जाणत्या माणसाची झोप उडते. कालपर्यंत ज्यांना शिकविलें त्या विशींतल्या मुलांना आतां विचारावें लागणार, हें शल्य अभ्यासापेक्षांही अधिक बोचतें. अशा माणसानें आरंभ कोठून करावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

पहिली गोष्ट ही कीं, तो कांहीं बिगरीच्या वर्गांत बसलेला नाहीं. कामाचे तुकडे कसे पाडावेत, अट कोठें घालावी, चूक कशी हुडकावी, हें त्याला येतें. आणि ही विद्या कोणत्याही एका भाषेच्या मालकीची नव्हे. म्हणून नवशिक्यांसाठीं लिहिलेल्या जाड पुस्तकांत त्यानें महिने घालवूं नयेत. पायथनची अधिकृत पाठमाला विनामूल्य मिळते. ती वाचावी, आणि माहितीचा भाग झपाट्यानें ओलांडावा. गंमत अशी कीं, पायथन १९९१ मध्यें गिडो व्हान रॉसम यांनीं प्रथम प्रसिद्ध केली, आणि जावा १९९५ मध्यें बाहेर आली. म्हणजे त्याला नवी वाटणारी भाषाच वयानें वडील आहे!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जाणत्याला धोका अनोळखी शब्दांचा नसून ओळखीच्या शब्दांचा असतो. मराठी मुलगा हिंदी शिकूं लागला म्हणजे ‘शिक्षा’ या शब्दापाशीं तो अडत नाहीं, आणि म्हणूनच फसतो. आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड, हिंदींत शिक्षण. येथेंही तसेंच आहे. सात या पूर्णांकास दोहोंनीं भागा म्हटलें, तर जावा ३ सांगते, आजची पायथन ३.५ सांगते. पूर्णांकी भागाकारासाठीं पायथनमध्यें दोन तिरप्या रेघा आहेत; पण उणे सातास तसें भागलें, तर पायथनचें उत्तर उणे ४ येतें, जावाचें उणे ३. बरोबरीचें चिन्ह दोनदां लिहून दोन शब्द ताडून पाहिले, तर पायथन त्यांचीं अक्षरें सारखीं आहेत काय हें पाहते. जावा त्या दोहोंचें स्थान एकच आहे काय हें पाहते. अशा ठिकाणीं यंत्र तक्रार करीत नाहीं. प्रोग्रॅम चालतो, आणि कोणाच्या तरी पगाराचा हिशेब मात्र चुकतो.

यास्तव एक वही घालावी. डाव्या पानावर जुनी समजूत, उजव्या पानावर नवा नियम. मग ज्याचें बरोबर उत्तर आपणांस ठाऊक आहे असें एखादें लहानसें जुनें काम, उदाहरणार्थ वाचनालयाच्या दंडाचा हिशेब, नव्या भाषेंत लिहावें. तें जाणकाराला दाखवून ‘हें चालतें काय?’ असें न विचारतां ‘आपण हें कसें लिहिलें असतें?’ असें विचारावें. मराठी वळणाचें हिंदी जसें ऐकतांच ओळखूं येतें, तसें जावाच्या वळणाचें पायथनही ओळखूं येतें.

भाषा हाताखालीं आल्यावरच फ्रेमवर्ककडे वळावें. नाहीं तर चूक भाषेची कीं फ्रेमवर्कची, हेंच उमगत नाहीं. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत लॉरेन्स येथें एका वृत्तपत्राच्या कचेरींत जँगो घडलें, आणि २००५ मध्यें तें सर्वांस खुलें झालें. साध्या लायब्ररींतील साधनांना आपण हवें तेव्हां बोलावतों. फ्रेमवर्क मात्र आपल्याला बोलावतें. शाळेंत वेळापत्रक आणि घंटा शाळेची. मास्तरानें आपल्या तासाला वर्गावर जावें, तसें हें आहे. म्हणून आधीं वेळापत्रक समजून घ्यावें. एका विनंतीचा माग काढावा: पत्ता कोण वाचतो, काम कोणाकडे जातें, माहिती कोठून येते, पान कोण सजवितो. येथेंही एक ‘शिक्षा’ दबा धरून आहे! जावाच्या स्प्रिंग या फ्रेमवर्कमध्यें विनंती घेणारा तो ‘कंट्रोलर’ आणि दिसणारा भाग तो ‘व्ह्यू’. जँगोमध्यें विनंती घेणाऱ्यालाच ‘व्ह्यू’ म्हणतात. जँगोच्या अधिकृत पाठांत मतदानाचें एक छोटें संकेतस्थळ बांधून दाखविलें आहे. तें पुरें करावें, आणि मग पाठ मिटून स्वतःचें एक बांधावें.

हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलें तर हें सारें तीच लिहून देते. साहाय्य अवश्य घ्यावें. मात्र जी ओळ आपणांस दुसऱ्याला समजावून देतां येत नाहीं, ती कचेरींत पुढें पाठवूं नये.

राहिलें तें शल्य. विशींतल्या मुलाला नव्या भाषेचे प्रयोग ठाऊक आहेत. हिशेब कोठें चुकतो हें पंधरा वर्षें काम केलेल्याला ठाऊक आहे. कामाला दोन्ही लागतात. तेव्हां उद्यां सकाळीं त्या मुलाच्या शेजारीं खुर्ची ओढून खुशाल बसावें, आणि तो सांगेल तें वहीच्या उजव्या पानावर उतरून घ्यावें.