चित्राला साक्षीदार हवा
(बेंबळी येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मघाशी चहा घेताना एका काकांनी विचारलं, "सर, बेंबळीला समुद्र दाखवून काय करता? आमच्या विहिरीला पाणी कधी येईल ते सांगा." (हशा) काकांचा प्रश्न रास्त आहे. मी त्याच प्रश्नाकडे येणार आहे, फक्त मुंबईच्या किनाऱ्याच्या उपग्रहचित्रांवरून वळसा घालून.

१९७२ चा दुष्काळ मी तुम्हाला काय सांगायचा? दुष्काळी कामावर खडी फोडलेली आणि मिलो ज्वारी खाल्लेली माणसं पुढच्याच रांगेत बसली आहेत. मी त्या वर्षातली एकच तारीख सांगतो, २३ जुलै १९७२. आपण इथे ढगाकडे डोळे लावून होतो आणि त्या दिवशी अमेरिकेने जमिनीची चित्रं घेणारा उपग्रह सोडला. पुढे त्याचं नाव लँडसॅट पडलं. माझे चुलते गाव सोडून निघाले, त्याच साली आकाशात जमिनीची नोंदवही उघडली गेली.

चुलत्यांनी येडशीला बार्शी लाइनची छोटी गाडी धरली, कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसले आणि शेवटी मानखुर्दला खाडीच्या चिखलावर झोपडं घातलं. दिवसा बांधकामावर काम. संध्याकाळी येताना पोत्यात घमेलंभर डबर आणायचं आणि दारात ओतायचं. उधाणाची भरती आली की पाणी खाटेखाली. चुलतीने खाटेच्या पायांखाली चार-चार विटा लावल्या होत्या. चुलते म्हणायचे, "गावात पाणी नाही म्हणून निघालो, आणि इथं पाणी घरात आलं म्हणून रात्र जागून काढली." रोजच्या डबराने जमीन इतकी वर आली की सात वर्षांत त्या विटा भुईत गाडल्या गेल्या. खाट पुन्हा जमिनीला टेकली.

(अध्यक्षांकडे पाहून) हो, विषयावरच आहे मी. अशा हजारो घमेल्यांनी आणि त्याहून कितीतरी जास्त डंपरांनी मुंबईचा काठ सरकला. त्याच काठाचं हे उपग्रहचित्र बघा. यात खारफुटी लालभडक दिसते, कारण डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश हिरवं पान जोराने परतवतं आणि त्या प्रकाशाला आपण लाल रंग देतो. सिमेंट निळसर करडं दिसतं. जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवलं की भरावाच्या जागी लाल आक्रसतं, करडं पसरतं. नव्या मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, तेही चित्रांच्या रांगेत उतरलं आहे. सुरुवातीच्या लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर सुमारे ८० मीटर. त्यात चुलत्यांची अख्खी गल्ली मावत होती. २०१५ पासून फिरणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा आहे.

आता माझं म्हणणं नीट ऐका. उपग्रह सूर्याच्या घड्याळावर चालतो. लँडसॅट येतो तो सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास. समुद्र चालतो चंद्राच्या घड्याळावर. एका फेरीला भरती सापडते, दुसऱ्या फेरीला ओहोटी. ओहोटीला उघडा पडलेला चिखल चित्रात जमीन होतो आणि भरतीच्या चित्राशेजारी ठेवला तर कोणीही म्हणेल, इथे भराव झाला. जूनपासून तर ढगच आडवे येतात, तेव्हा रडारचे डोळे लागतात.

१९९२ साली विद्यार्थी असताना मी भारतीय उपग्रहाचं चित्र घेऊन उरणच्या बाजूला गेलो होतो. एका पांढऱ्या पट्ट्यावर मी 'बांधकाम' असं लिहिलं होतं. तिथे पोचलो तर मिठाच्या राशी लागलेल्या. बांधावरची एक आगरी आजी म्हणाली, "पोरा, हे मिठागर. पावसात ये, तळं दिसेल." त्या दिवसापासून मी एकच गोष्ट सांगत फिरतो आहे. चित्र दाखवतं, पण साक्ष माणसाला द्यावी लागते.

हा बारकावा नुसता अभ्यासाचा नाही. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेत भरतीरेषेपासून ५०० मीटरचा हिशेब होता. ती रेषा कुठे ओढली, यावर कोणाची जमीन आत आणि कोणाची बाहेर हे ठरतं. २००५ साली २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने आपली जुनी जागा मागितली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड थांबवली आणि खारफुटी उपग्रहचित्रांवरून मोजायला सांगितली.

(सभागृहातून एक तरुण : सर, म्हणजे मोजणीत अतिक्रमण म्हणून आमच्याच माणसांची घरं दिसणार!)

बसा, बसा. तुमचा राग मला परका नाही. ते घर माझ्याही चुलत्यांचं होतं. भराव कधी झाला ते चित्र सांगतं. पण कोण गरजेने बसलं आणि कोणी धंद्यासाठी खाडी बुजवली, हे चित्रात नसतं. दोन्ही एकाच करड्या रंगात येतात. म्हणून तर म्हणतो, चित्र वाचणारा माणूस तिथलाच हवा. नाहीतर दुसरा कोणीतरी ते आपल्या वतीने वाचेल. (टाळ्या)

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली.

काका, आता तुमची विहीर. मे महिन्यातली नांगरलेली उघडी जमीनसुद्धा चित्र वाचणारा संगणक कधीकधी वस्ती समजतो. (हशा) त्याला आपलं शिवार कोण सांगणार? बहात्तरच्या दुष्काळी कामांत मराठवाडाभर पाझर तलाव झाले. ते दर एप्रिलला किती आटतात, हे चित्रांतून वर्षागणिक पाहता येतं. २००८ पासून लँडसॅटचा सगळा जुना साठा फुकट आहे. पण तलाव गाळाने भरला, सांडवा फुटला की खालच्या बोअरांनी पाणी ओढलं, हे तिथे गुरं पाजणाऱ्यालाच ठाऊक असतं. या गावच्या पोरांनी दरवर्षी एक उपग्रहचित्र काढावं, ग्रामसभेत भिंतीवर लावावं आणि म्हाताऱ्यांना शेजारी उभं करून वाचावं. तलाव का आटतो ते कळलं, तरच विहिरीचं बोलता येईल.

मागच्या टेबलावर बेंबळीच्या शिवाराचं मोठं चित्र पसरलं आहे. त्यावर एकही नाव नाही. शेजारी पेन ठेवलाय. ओढा, गायरान, तलाव, जे ओळखू येईल ते लिहा. काका, पहिली खूण तुमच्या विहिरीची करा.