उन्हाच्या गावात उन्हाला मुकलेला तात्या

राणीसावरगावहून बोलतोय, आपल्या गंगाखेड तालुक्यातून. तात्याचं घर कसं बनवलं ते सांग, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. सांगतो. पण आधी माझी चूक ऐका.

तात्या म्हणजे माझा बिअर्डेड ड्रॅगन. मूळचा ऑस्ट्रेलियाचा सरडा. चिडला की गळ्याखालची दाढी फुगवतो. मावसभावानं पुणं सोडलं अन् तात्या माझ्याकडं आला. मी काचेची पेटी खिडकीत ठेवली, वर पिवळा बल्ब लावला. म्हटलं, परभणी जिल्ह्यात उन्हाला काय तोटा!

काही महिन्यांत त्याचे पाय थरथरायला लागले, जबडा मऊ पडला. डॉक्टरांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी एवढंच विचारलं, "यूव्हीबी कुठंय?"

उन्हात ऊब असते, उजेड असतो अन् डोळ्याला न दिसणारे यूव्हीबी किरण असतात. त्यांच्यामुळं सरड्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसलं तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. पिवळा बल्ब नुसती ऊब देतो, घरातला एलईडी नुसता उजेड. म्हणजे तात्या उन्हात बसून उन्हाला मुकला होता.

मग सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली: ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. पुढं सरकती काच, मागं हवेला जाळी, खाली शहाबादी फरशी. एका टोकाला चिनीमातीच्या होल्डरमध्ये बल्ब, त्याला तारेची टोपली, नाहीतर तात्या भाजेल. बल्बखालचा दगड ३८ ते ४२ अंश, दुसरं टोक ३० च्या आत. थर्मामीटर लावाच, हाताच्या अंदाजावर जाऊ नका.

सरड्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब उबेच्या टोकापासून निम्म्या पेटीपर्यंतच, म्हणजे त्याला सावलीत जाता येतं. किती उंचीवर लावायची ते डब्यावर लिहिलेलं असतं. मध्ये काच नको. जाळीनंही किरण घटतात. दिवसा १२ तास चालू, रात्री सगळं बंद. अन् ट्यूब पेटतेय म्हणून फसू नका. उजेड राहतो, किरण संपतात. मी वर्षाला बदलतो.

मे महिन्यात आपल्याकडं सगळं उलटं. खोलीच ४० ला जाते. तेव्हा बल्ब बंद, फक्त ट्यूब. पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत, खिडकीला ओलं गोणपाट. लाईट गेली तर पंखा इन्व्हर्टरवर. सकाळच्या कोवळ्या उन्हात तात्याला जाळीच्या पिंजऱ्यात थोडा वेळ अंगणात ठेवतो, अर्धा पिंजरा झाकून, अन् स्वतः शेजारी बसून. काचेची पेटी उन्हात कधीच नको, तिची भट्टी होते.

आणि हे ऐकून शेतातली घोरपड धरून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

डॉक्टरांच्या औषधानं अन् नव्या ट्यूबनं तात्याचा जबडा घट्ट झाला. मागचा एक पाय मात्र वाकडा राहिला, तो आता सरळ व्हायचा नाही. म्हणून सांगतो, आधी घर करा, मग प्राणी आणा. भेटू पुढच्या भागात!