ओझे उतरविताना



न वापरलेला एअरकंडिशनर मोटारीतून काढला की वजन घटते, हे खरे. काँप्रेसर, कंडेन्सर, नळ्या मिळून १५-२० किलो, म्हणजे पाच वर्षांच्या पोराएवढे! पेट्रोल वाचते ते नाममात्रच. पण गाडीवाला हट्ट धरतो आणि गॅरेजमधला पोऱ्या पान्याने नळी सैल करतो. आतला वायू दाबाखाली असतो. आमच्या युनियनमधल्या एका पोऱ्याची दोन बोटे अशीच गोठली. डोळे वाचले हे नशीब. शिवाय हल्लीचा आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नसला, तरी हवा तापविण्यात कार्बन डायऑक्साइडहून हजारपटीने जबर. म्हणून आम्ही सांगतो : आधी वायू यंत्राने टाकीत ओढून घ्या, मगच नळी खोला. ते यंत्र गॅरेजच्या मालकाने आणायचे, पोऱ्याने नव्हे.