प्रश्न आपला, पैसा कुणाचा?

(परभणी जिल्ह्यातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या संयोजकांनी मला विषय दिलाय, 'आरोग्य आणि हवामानाच्या अभ्यासासाठी पैसा कुठून आणायचा'. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर, सेलू, सगळीकडून तुम्ही आलात. वह्या उघडून बसलात, म्हणजे पत्ते लिहून घ्यायची तयारी दिसते. पत्ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलते. मंडळांना अर्ज लिहायला मदत करताना मी ती वारंवार पाहते. एखादी जाहिरात येते, तिच्यात 'हवामान बदल' हा शब्द असतो. लगेच हवामान बदलाचा प्रकल्प तयार होतो. पुढच्या वर्षी जाहिरातीत 'पोषण' येतं, की तेच मंडळ पोषणाचं काम करायला लागतं. गावातल्या बायांना काय विचारायचं होतं ते बाजूलाच पडतं. पैसा मिळाला तरी बायांचा प्रश्न जिथल्या तिथे, कारण तो अर्जात लिहिलेलाच नसतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की आधी प्रश्न पक्का करायचा आणि मग पैसा शोधायचा. हा उलटा क्रम जमतो का? जमतो. आपल्याच महाराष्ट्रात जमलेला आहे.

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. ऐंशीच्या दशकात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग तिथे काम करायला गेले. त्या काळी सरकारी कार्यक्रमात बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच. पण बाया तर वेगळंच सांगत होत्या. अंगावरून पांढरं जातं, पाळीच्या वेळी सहन होत नाही, कंबर धरते. 'सर्च' या त्यांच्या संस्थेने दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. त्यातल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक आजार निघाला. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या बाया किती? फक्त ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बाया पिढ्यान् पिढ्या जे एकमेकींच्या कानात बोलत होत्या, त्याचा आकडा झाला, आणि आकडा झाल्यावर तो नाकारणं अवघड झालं.

पुढे त्याच संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, हे सगळं त्या बाया करू लागल्या. नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. २०११ साली केंद्र सरकारने आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. आज तुमच्या गावातली आशा बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन जाते, त्यामागे हा अभ्यास आहे.

आता आपल्या शेजारच्या बीडकडे या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्या जातात हे मराठवाड्यात कुणाला ठाऊक नव्हतं? नवराबायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, एक दिवस बुडाला की मुकादम खाडा लावणार. मग पाळीचा त्रास नको, दवाखान्याच्या फेऱ्या नकोत, पिशवीच काढून टाक. स्त्री संघटनांनी आणि वर्तमानपत्रांनी आवाज उठवला, तेव्हा २०१९ साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दर सहा जणींमागे एकीची.

कोयता घेऊन जाणाऱ्या बाया आपल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातही आहेत. जिल्ह्याची हद्द ओलांडली म्हणून मुकादम बदलत नाही आणि खाडाही बदलत नाही. मग गावोगावी बसून विचारायला काय हरकत आहे? पिशवी कोणत्या वयात काढली, कुणी सुचवलं, खर्चासाठी पैसे कुणाकडून उचलले, आता हाडं दुखतात का? हा अभ्यासाचा प्रश्न आहे. तो दिल्लीतल्या जाहिरातीत छापून येणार नाही, तो तुम्हालाच मांडावा लागेल.

कुणी म्हणेल, परभणीसारख्या जिल्ह्यात संशोधनाचा पैसा येतोच कुठे? येतो, मैत्रिणींनो. १९७२ पासून इथे कृषी विद्यापीठ आहे, आताचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत तीन हिस्से पैसा परिषदेचा आणि एक हिस्सा राज्याचा असतो. गृहविज्ञानाच्या अशाच एका प्रकल्पाचं केंद्र परभणीला आहे. शेतकरी बाईचे कष्ट किती, कोणत्या अवजाराने ते कमी होतील, यावर तिथे वर्षानुवर्षं काम झालं आहे. वाकून कापूस वेचताना पाठीवर किती ताण येतो याचा अभ्यास व्हायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही, विद्यापीठाच्या फाटकातून आत जायची आहे.

दुसरं उदाहरण ज्वारीचं. २०१८ साली या विद्यापीठाने 'परभणी शक्ती' हे वाण आणलं. ते हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत तयार झालं, आणि त्यामागे हार्वेस्टप्लस या उपक्रमाचं पाठबळ होतं. नेहमीच्या ज्वारीत लोह सुमारे ३० पीपीएम आणि जस्त २० पीपीएम, या वाणात लोह ४५ आणि जस्त ३२. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. चांगलंच काम आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. मग पुढचा प्रश्न आपण विचारायचा. ही ज्वारी पेरायचं घरात कोण ठरवतं? सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली तेव्हा बाईला कुणी विचारलं होतं का? आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात त्यातली भाकरी किती येते? बियाण्यातलं लोह शास्त्रज्ञांनी मोजलं, ताटातलं आपण मोजू शकतो.

तिसरं, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सगळे 'पोकरा' म्हणतात. हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठी २०१८ साली जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलर मंजूर केले. पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतली ५,१४२ गावं होती, त्यात परभणी होता. गावात त्यासाठी ग्राम कृषी संजीवनी समिती नेमली जात होती. इथे एक फरक ध्यानात ठेवा. हा पैसा अनुदान म्हणून आपल्या दारी आला, तरी सरकारने तो कर्ज म्हणून घेतलाय. फेडणार आपणच. तेव्हा यादीत कुणाचं नाव आहे, सातबारा नसलेल्या बाईला काय मिळालं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आता पैशाची दारं. लिहून घ्या.

पहिलं दार सरकारी संशोधन निधीचं. आरोग्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाकडे स्त्रियांसाठी तंत्रज्ञान, आणि संसारापायी संशोधन सुटलेल्या बायांसाठी 'वाईज-किरण' योजना. शिवाय २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालं आहे. ही दारं बहुतांशी विद्यापीठं आणि महाविद्यालयांसाठी उघडतात. संस्थेला थेट जायचं तर विज्ञान खात्याची संशोधन संस्था म्हणून मान्यता बहुतेक ठिकाणी मागतात. छोट्या मंडळाने त्यामागे दोन वर्षं घालवण्यापेक्षा एखाद्या प्राध्यापिकेला, वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरणीला जोडून घ्यावं.

दुसरं दार कंपन्यांचं. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं, की वर्षाला ५ कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा, किंवा १,००० कोटींची उलाढाल, किंवा ५०० कोटींचं नक्त मूल्य असेल, तर कंपनीने सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. आरोग्य आणि पर्यावरण त्यात बसतात, सरकारी विद्यापीठातलं संशोधनही बसतं. मेख अशी, की कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. म्हणजे कारखाने पुण्याला, तर पैसाही तिकडेच. पण खासगी साखर कारखाना जर कंपनी असेल आणि नफ्यात असेल, तर त्यालाही हे कलम लागतं. सहकारी कारखान्याला लागत नाही. ऊस ज्यांच्या कोयत्याने तुटतो त्यांच्या आरोग्यासाठी या २ टक्क्यांतलं काय खर्च केलं, असं विचारणारं पत्र लिहायला टपालखर्चापलीकडे काही लागत नाही. हा पैसा घ्यायचा तर १२ अ, ८० जी आणि सीएसआर-१ ही नोंदणी तयार ठेवा.

तिसरं दार परदेशी पैशाचं. ते २०२० च्या दुरुस्तीनंतर फार अरुंद झालं आहे. संस्था तीन वर्षं जुनी हवी, त्या काळात १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले हवेत, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत हवं, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. सगळ्यांत मोठा फटका असा, की परदेशी पैसा घेणारी संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. पूर्वी मुंबई-पुण्याची मोठी संस्था जिंतूरच्या छोट्या मंडळाला वाटा देत असे. तो रस्ता बंद झाला आहे.

चौथं दार सगळ्यांत जवळचं, आणि आपण ते सगळ्यांत कमी वाजवतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीलाही तसंच बंधन आहे. रक्कम लहान असते. पण रक्त तपासायचं साहित्य आणि दोन महिन्यांची पाहणी एवढ्यात होऊ शकते. मोठ्या अर्जाला जोडायला पहिला आकडा तिथूनच मिळतो.

आता अर्जाबद्दल थोडं. देणारा चार गोष्टी शोधतो. प्रश्न काय, तो कुणाचा, कसा मोजणार, आणि उत्तर मिळाल्यावर काय बदलणार. हे दोन पानांत साध्या मराठीत लिहा, इंग्रजी नंतर करून घेता येतं. अंदाजपत्रकात मात्र मी आग्रह धरीन. गावातली जी बाई घरोघर फिरून माहिती गोळा करणार, तिची मजुरी लिहा. 'मानधन' म्हणून पाचशे रुपये टाकू नका. जी बाई आपला दिवस मोडून तपासणीला येणार, तिची बुडालेली मजुरी लिहा. पाळणाघर लिहा. प्रवास लिहा. अहवालावर मंडळाचं नाव येणार का, माहितीच्या वह्या कुणाकडे राहणार, हे पैसा यायच्या आधी लेखी ठरवा. माझ्या ओळखीच्या एका गावात पाहणी झाली, रक्त घेतलं, आणि बायांना आपला आकडा कधी कळलाच नाही. ज्यांनी नेलं त्यांचं नाव मी इथे घेत नाही. पण त्या गावात आता कुणी रक्त द्यायला तयार होत नाही.

संमतीचा मुद्दा तर आपल्या चळवळीने किंमत मोजून मांडलेला आहे. नेट-एन या इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध १९८६ साली हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि इतर जणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पुढे २००९-१० साली आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प परदेशी पैशावर चालला. अनेक ठिकाणी वसतिगृहाच्या प्रमुखांनीच मुलींच्या वतीने सह्या केल्या होत्या. २०१० मध्ये तो थांबवला गेला, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट होती असं माझं म्हणणं नाही. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगापासून ती वाचवते. पण मुलीला आणि तिच्या आईला समजेल असं विचारलं नाही, तर चांगल्या औषधावरचाही विश्वास उडतो. तेव्हा नैतिकता समितीची मंजुरी घ्या, आणि त्याशिवाय गावाच्या बैठकीत मोठ्याने वाचून संमती घ्या. नाही म्हणायची मोकळीक आहे, हे त्याच बैठकीत सांगा.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, चळवळीने असा पैसा घ्यावाच का? हा वाद जुना आहे आणि तो चालू राहिला पाहिजे. माझी कसोटी साधी आहे. पैसा उद्या बंद झाला तर हा प्रश्न आपण विचारत राहू का? उत्तर 'हो' असेल तर घ्यावा. 'नाही' असेल तर तो प्रश्न देणाऱ्याचा होता, आपला नव्हता.

जाता जाता काम देते. पुढच्या बैठकीला प्रत्येक मंडळाने एक वही आणायची. पहिल्या पानावर एकच प्रश्न, बायांच्याच शब्दांत लिहिलेला. उन्हाळ्यात उन्हामुळे किती मजुरी बुडते, पिशवी का काढली, ताटात भाकरी किती, काहीही. पुढच्या पानांवर तीस बायांची उत्तरं, नावाऐवजी क्रमांक टाकून. कुणाला लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्या, पण जिचं उत्तर तिला ते वाचून दाखवा. त्या वह्या घेऊन आपण सगळ्या मिळून विद्यापीठात जाऊ, नंतर जिल्हा परिषदेत. अर्ज तिथून सुरू होईल.