कयामतीच्या खुणा आणि अनामत



परवा आम्ही वेसवीहून बाणकोटची खाडी ओलांडून बागमांडल्याला येत होतो. फेरीबोटीवर दोन वृद्ध गृहस्थ शेजारी शेजारी बसले होते. एकाच्या डोक्यावर जाळीची गोल टोपी होती, दुसऱ्याच्या डोक्यावर गांधी टोपी. कुणा भावाने भावाच्या वाटणीची वाडी परस्पर विकून टाकली, असा विषय चालला होता. गोल टोपीवाले गृहस्थ उसासा टाकून म्हणाले, "नाना, कयामत जवळ आली बघा." नाना म्हणाले, "कयामत तुमची हो भाई; आमचं आपलं कलियुगच चाललंय!" दोघेही हसले आणि पुन्हा वाडीच्या गोष्टीकडे वळले. आजच्या भाषणाचा विषय आम्हांस तेथेच मिळाला. आम्ही धर्मपंडित नव्हे, इतिहासाचे वाचक आहोत. त्या नात्याने दोन शब्द सांगतो.

इस्लामी परंपरेत अंतकाळाच्या खुणांचे लहान आणि मोठ्या असे दोन वर्ग मानतात. मोठ्या खुणा आपणांपैकी अनेकांनी ऐकल्या असतील: दज्जाल नावाचा महाठक प्रकटेल, ईसा पुन्हा पृथ्वीवर उतरतील, याजूज-माजूज मोकळे सुटतील, सूर्य पश्चिमेला उगवेल. यांवर पुष्कळ पुस्तिका खपतात. भय विकायला भांडवल फारसे लागत नाही. पण एका प्रसिद्ध हदीसमध्ये निराळीच गोष्ट आहे. शुभ्र वस्त्रे ल्यालेला, अंगावर प्रवासाची खूणही नसलेला एक अनोळखी इसम पैगंबरांपुढे येऊन बसला. श्रद्धेविषयी त्याने प्रश्न विचारले आणि मग त्या अखेरच्या घटकेविषयी विचारले. पैगंबरांनी उत्तर दिले की, याबाबत विचारणाऱ्याहून आपणांस काही अधिक ठाऊक नाही. तो इसम म्हणजे देवदूत जिब्रील, हे मागाहून लोकांस कळले.

आपल्या हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेला निघायचे तर ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवता येते. भरतीला खडकावरची वाट पाण्याखाली जाते, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. कयामतीची वेळ तशी कुणाच्या हाती दिलेली नाही. दिल्या आहेत त्या खुणा, आणि लहान खुणा पाहाल तर त्या बहुतेक माणसांच्या वर्तनाच्या आहेत. जिब्रीलाच्या त्याच गोष्टीत एक खूण अशी की, काल अनवाणी फिरणारे मेंढपाळ उंच इमारती बांधण्यात चढाओढ करतील. आखातात नोकरी केलेला आमच्या ओळखीचा एक तरुण ही खूण ऐकून दुबईच्या ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाचे नाव घेतो आणि हसतो. त्याच आखाताच्या पैशावर आपल्या किनाऱ्यावरची किती घरे उभी राहिली, हे विचारले की तो गप्प होतो. असो.

खुणा सांगितल्या आणि वेळ झाकून ठेवली, म्हणजे माणूस पंचांग मांडणारच. त्याचे फळ महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. सय्यद महंमद जौनपुरी (१४४३–१५०५) हा मोठा विरक्त पुरुष होऊन गेला. दरबारी मानाच्या मागे लागलेले विद्वान त्याला रुचले नाहीत. संपत्तीचा लोभ सोडा, ईश्वराचे स्मरण करा, येईल ते सर्वांनी समान वाटून खा, ही त्याची शिकवण. हजच्या वाटेवर तो दौलताबाद आणि अहमदनगर या बाजूने आला व दाभोळ बंदरातून जहाजावर चढला, असे त्याच्या अनुयायांची परंपरा सांगते. दाभोळ म्हणजे येथून बाणकोट ओलांडून दक्षिणेला गेले की लागणारे बंदर. मक्केस पोहोचल्यावर हिजरी ९०१ मध्ये त्याने, अंतकाळाआधी येणारा मार्गदर्शक, म्हणजे महदी, तो आपणच, असे घोषित केले. त्याच्या अनुयायांचा छळही कमी झाला नाही. शेख अलाई या महदवी साधूला १५५० मध्ये इस्लामशहा सुराने फटक्यांची शिक्षा दिली, तीत त्याचा प्राण गेला.

पुढे हिजरी सनाची हजार वर्षे भरत आली, तशी साऱ्या मुसलमानी जगात काहीतरी होणार अशी कुजबुज सुरू झाली. अकबराने तर हजार वर्षांचा इतिहास लिहून घेण्यासाठी 'तारीख-ए-अल्फी'चे काम काढले. अहमदनगरात, ज्या निजामशाहीचे श्रीवर्धन हे बंदर होते तेथे, १५८८ साली राजपुत्र मीरान हुसेन याने बापाला मारून गादी घेतली आणि वर्षभरात तोही मारला गेला. त्या गोंधळात जमालखान नावाच्या महदवी सरदाराने सत्ता हाती घेतली, इस्माईल नावाच्या पोरास तख्तावर बसविले आणि महदवी मत हाच राज्याचा धर्म ठरविला. परदेशी अमीर-उमरावांची शहरात कत्तल झाली. इतिहासकार फरिश्ता त्या वेळी अहमदनगरात होता. तो जीव घेऊन विजापुरास गेला. ज्या पंथाची सुरुवात घासातला घास वाटून खाण्यापासून झाली, त्याच्या नावाने दोन वर्षे हे राज्य चालले. १५९१ मध्ये इस्माईलचा बाप बुऱ्हाण हा खानदेशच्या राजाची मदत घेऊन आला, आणि आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहणखेडच्या लढाईत जमालखान पडला. हजारावे हिजरी वर्ष त्यानंतर काही महिन्यांनी, ऑक्टोबर १५९१ मध्ये लागले, आणि यथाकाल सरलेही. महदवी लोक हैदराबादेकडे आजही शांतपणे नांदतात. त्यांना जमालखानाच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

आम्हांस अधिक विचार करायला लावणारी हदीस दुसरीच आहे. ती बुखारीच्या संग्रहात आहे. पैगंबर बोलत असता एका वाळवंटी माणसाने मध्येच विचारले की, ती घटका कधी? त्यांनी आपले बोलणे पुरे केले आणि मग त्या माणसाला शोधून सांगितले की, अमानत नाहीशी झाली की वाट पाहा. ती नाहीशी कशी होते, असे त्याने पुन्हा विचारले. उत्तर असे की, काम नालायकाच्या हाती सोपवले की. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. आपल्या पावतीवर 'अनामत' असते, तो शब्द हाच. चोरी, व्यसन, व्यभिचार यांच्याबद्दल कुणीही व्याख्यान देतो; अनामतीबद्दल बोलताना जीभ अडते, कारण ती बहुधा आपल्याच हातात असते.

या किनाऱ्याने ती गेलेली पाहिली आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मेली. त्यानंतर फेब्रुवारीत आपल्याच श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीच्या किनाऱ्यावर, स्फोटके उतरली. ती उतरविणारे सूड म्हणून उतरवीत होते. पण किनारा राखण्याची अनामत ज्यांच्याकडे होती, त्या कस्टम आणि पोलीस खात्यातल्या काहींनी डोळे मिटले; पुढे खास न्यायालयात त्यांच्यावर गुन्हा शाबीत झाला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसे गेली. मारणाऱ्याला आपण का मारले हे कळणार नाही आणि मरणाऱ्याला आपण का मेलो हे कळणार नाही, अशा काळाचे वर्णनही हदीसमध्ये आहे. शेअरबाजारात किंवा प्लाझा सिनेमापाशी त्या दुपारी उभ्या असलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागले नसते. श्रोतेहो, स्फोटके उतरविणारे कोणत्या धर्माचे, हे आपण लगेच सांगतो. डोळे मिटणारे कोणत्या धर्माचे, हे कुणी विचारतो काय? त्यांत सगळेच होते.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ याच किनाऱ्याला भिडले. तासा-दोन तासांत पिढ्यांच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. कयामत हा शब्द त्या दिवशी मंदिराच्या आळीतही ऐकू आला, आणि तो कुणाला परका वाटला नाही. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. सत्तरीच्या माणसाने कशाच्या भरवशावर लावावी? हदीसमध्ये याही प्रश्नाचा विचार झालेला आहे. हातात खजुरीचे रोप असताना कयामत येऊन ठेपली, तरी जमत असेल तर ते लावून टाकावे, असे तेथे सांगितले आहे. खजूर म्हणजे आपल्या माडाच्या आणि पोफळीच्याच गोतातली.

त्या दिवशी फेरीबोटीवर भाईंच्या पायाशी गोणपाटात पोफळीची रोपे बांधलेली होती. दापोलीकडून आणली, म्हणाले. आम्ही थट्टेने विचारले, "भाई, कयामत आली म्हणता, मग ही कशाला?" ते म्हणाले, "अहो, पाऊस तोंडावर आलाय. आता नाही लावली तर वर्ष फुकट जाईल." नानांना त्यांतली चार हवी होती. त्यांचे पैसे ठरेपर्यंत बोट बागमांडल्याच्या धक्क्याला लागली.