परसातली खोली : एक अंदाजपत्रक

(गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. पदविका घेऊन रेल्वेच्या बांधकाम खात्यात लागलेला माणूस आहे. ‘उपयोगाचे काहीतरी बोला’ असा आग्रह झाला, म्हणून घरचाच विषय घेतो.

आपण नोकरीपायी इथे आलो, आई-वडील गावी राहिले. ज्यांचे एका ग्राउंडवर, म्हणजे २४०० चौरस फुटांवर, स्वतःचे घर आहे, त्यांच्या मनात हमखास येते : मागे एक खोली काढू आणि त्यांना इथे आणू. सोलापूरला बाबा एकटेच, गुडघे दुखरे. मीही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

खोली बारा बाय चौदा, शेजारी न्हाणीघर-संडास. भिंती धरून २५० चौरस फूट. ठेकेदाराने दर सांगितला २५०० रुपये. म्हणजे सव्वासहा लाख. सौ. म्हणाली, जमेल.

पण मंडळी, हा दर जोत्याच्या वरचा असतो. आपल्या शोळिंगनल्लूरला खरा खर्च जोत्याच्या खाली आहे. पश्चिमेला पळ्ळिकरणैची पाणथळ, पूर्वेला बकिंगहॅम कालवा. पाणथळीचे पाणी ओक्कियम मडुवूतून कालव्यात उतरते आणि कोवळमजवळ समुद्राला मिळते. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चे मिचाँग वादळ आपण विसरलेलो नाही. माझ्या कुंपणाच्या भिंतीवर २०१५ ची रेघ अडीच फुटांवर आहे. म्हणून नव्या खोलीचे जोतेही घराइतकेच, तीन फूट हवे.

तीन फुटांची भर म्हणजे साडेसात ब्रास. इथे त्याला युनिट म्हणतात, माप तेच, शंभर घनफूट. ठोकून बसवल्यावर आणखी लागते. भर आणि जोते ९० हजार. सांडपाण्याची नळी, चेंबर, पाणी, वीज ७० हजार. आणि बाबांसाठी उतार : एकास बारा या प्रमाणात तीन फूट चढायला छत्तीस फूट लांबी लागते! त्याचे ८० हजार. अनपेक्षित खर्चाचे दहा टक्के धरून बेरीज झाली साडेनऊ लाख. २५०० चा दर ३८०० वर गेला. शिवाय छत्तीस फुटांचा उतार परसात मावेना.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. सगळे ऐकून ते म्हणाले, “परसात खोली बांधतोयस, की मला परसात ठेवतोयस?”

त्या रात्री नकाशा फाडला. दुसरा काढला, त्यात खोली स्वयंपाकघराला लागून, घराच्याच पातळीवर, मधे दार. उतार गेला, नळी आखूड झाली, पुढच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडे आले. जुन्या आणि नव्या भिंतीत मात्र सांधा ठेवला आहे. नवा पाया थोडा बसणारच, एकजीव बांधकाम केले तर तडा जातो. अंदाज ८ लाख ४० हजार.

परवानगीचे दोन शब्द. तामिळनाडूचे बांधकाम नियम २०१९ चे आहेत. घराभोवती सोडायची मोकळी जागा आणि चटईक्षेत्र जुने घर धरून मोजा. जुलै २०२४ पासून २५०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर ३५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला स्वयंप्रमाणनाने ऑनलाइन परवानगी मिळण्याची सोय झाली. मात्र २०२५ साली हरित लवादाने पाणथळीच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आतील नव्या परवानग्या रोखण्याचा आदेश दिला. आपला भूखंड त्यात येतो का आणि आजची स्थिती काय, हे विसार देण्याआधी विचारा. मीही उत्तराचीच वाट पाहतो आहे.

रेल्वेत अंदाजपत्रक मंजूर झाल्याशिवाय खडीसुद्धा हलत नाही. घरीही तसेच करावे. फक्त मंजुरीची पहिली सही, ज्यांना त्या खोलीत राहायचे आहे, त्यांची घ्यावी.

गणपती बाप्पा मोरया!