‘साखरे’तील ‘ख’ कोठून आला?

(एका अभ्यासमंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



‘स्वकीय शब्द आणि परकीय शब्द’ हा विषय आपण मला दिलात. विषय विस्तीर्ण आहे आणि वेळ थोडा. शिवाय या विषयावर सिद्धान्त पुष्कळ मांडले जातात, शब्द मात्र क्वचितच तपासले जातात. म्हणून मी आज एकच शब्द घेणार आहे. आपल्या सर्वांच्या घरात, फडताळातल्या डब्यात असलेला शब्द : साखर.

संस्कृतात ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ गोड असा नाहीच. वाळू, रेती, बारीक खडे हा त्याचा जुना अर्थ, आणि वैदिक वाङ्मयात तो याच अर्थाने येतो. सुश्रुतसंहितेत मूतखड्याच्या विवेचनात ‘अश्मरी’सोबत ‘शर्करा’ येते ती याच अर्थाने. तेथे ती लघवीतून पडणारी खर आहे. पुढे उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडण्याची विद्या येथे सिद्ध झाली. ते दाणे रेतीसारखे दिसले, म्हणून रेतीचे नाव त्यांना मिळाले. आपण ‘खडीसाखर’ म्हणतो तेव्हा मूळ अर्थाने ‘खड्यांचे खडे’ म्हणत असतो!

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण अभिमानाच्या भरात ती निसटते. ऊस ही वनस्पती मूळची न्यू गिनी बेटाकडची; तेथून ती आपल्याकडे आली, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. आपले कर्तृत्व आहे ते रसापासून रवा पाडण्याचे. पीक बाहेरून आले, विद्या येथे घडली. आणि जगभर गेले ते त्या विद्येबरोबरचे नाव.

आता ‘शर्करा’ची ‘साखर’ झाली कशी? ‘सप्त’चे ‘सत्त’ आणि मग ‘सात’, ‘हस्त’चे ‘हत्थ’ आणि मग ‘हात’, ‘कर्म’चे ‘कम्म’ आणि मग ‘काम’ : हा मराठीचा राजमार्ग आहे. जोडाक्षराचे आधी द्वित्त होते, मग द्वित्त सुटते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. ‘शर्करा’ याच वाटेने आली. प्राकृतात ‘सक्करा’, पालीत ‘सक्खरा’. मराठीत ‘साकर’ आणि ‘साखर’ ही दोन्ही रूपे आहेत. गुजराती व कोकणीत ‘साकर’ आहे. आपल्या प्रमाण मराठीने ‘ख’ धरून ठेवला आणि तो पालीतल्या ‘सक्खरा’शी जुळतो. हा शब्द फारसीतून आला असता तर त्याचे रूप ‘शकर’ किंवा ‘शक्कर’ राहिले असते. त्याच्या ‘सा’मधील दीर्घ स्वर हाच त्याच्या घरंदाजपणाचा दाखला आहे.

हा ‘ख’ ध्यानात ठेवा, कारण आता त्याच्या मागोमाग आपल्याला ग्रीसला जायचे आहे. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, हिंदुस्थानात मधमाश्यांवाचून मध देणारे बोरू आहेत, असे नोंदवले. त्याला वस्तू दिसली. नाव त्याच्या लेखणीतून आलेले दिसत नाही. ते इसवी सनाच्या पहिल्या शतकात आढळते. डायोस्कोरिडीस नावाचा ग्रीक वैद्य ‘साक्खारोन’ म्हणजे हिंदुस्थानातल्या बोरूंमध्ये सापडणारा, मिठासारखा दाताखाली फुटणारा घट्ट मध, असे लिहितो. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी प्रवासवर्णनात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून, भडोचच्या बाजूने परदेशी जाणाऱ्या मालात तांदूळ, तूप, तिळाचे तेल यांसोबत ‘साक्खारी’ नावाच्या बोरूचा मध आहे.

ग्रीकांनी तो शब्द ‘ख’ने लिहिला. म्हणजे त्यांच्या कानावर पडला तो पंडितांचा ‘शर्करा’ नव्हे, बंदरातल्या व्यापाऱ्यांच्या आणि हमालांच्या तोंडचा ‘सक्खरा’सारखा लोकभाषेतला शब्द. जगाला साखरेचे नाव शिकवले ते प्राकृत बोलणाऱ्यांनी. संस्कृतच्या गौरवात आपण या मधल्या पिढीला विसरतो, हे मला नेहमी खटकते.

लॅटिनने ग्रीक ‘ख’ लिहिण्यासाठी ‘सी-एच’ ही दोन अक्षरे वापरली. 1879 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, कोन्स्टांटिन फाल्बर्ग याला डांबरापासून काढलेल्या द्रव्यात विलक्षण गोडी आढळली. त्या पदार्थाला लॅटिन शब्दावरून ‘सॅकरिन’ नाव पडले. इंग्रज उच्चार करतो ‘क’चा, पण स्पेलिंगमध्ये ‘सी-एच’ आहेच. जिभेने टाकलेला ‘ख’ अक्षरांनी जपला. आपल्याकडे तो अजून जिभेवर आहे.

दुसरी वाट इराण-अरबस्तानातून गेली. फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’. अरबांनी ऊस सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला. अरबी उपपद ‘अल्’ हे ‘स’पुढे ‘अस्’ होते, म्हणून ‘अस्-सुक्कर’. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी उपपदासकट शब्द उचलला. पोर्तुगीजांचे ‘आसूकार’ त्यातूनच आले. इटालियनांनी उपपद सोडले आणि ‘त्सुक्केरो’ केले. त्यावरून जर्मन ‘त्सुकर’. (‘चाक’मधला ‘च’ म्हणता येणाऱ्या मराठी माणसाला हा उच्चार शिकवावा लागत नाही!) फ्रेंच ‘स्युक्र’ इंग्रजीत जाऊन ‘शुगर’ झाला. तेथे लिहितात ‘स’, वाचतात ‘श’. ‘शुअर’ या शब्दातही तसेच. ‘स’ला लागलेल्या ‘यू’ने त्याचा ‘श’ करून टाकला, स्पेलिंग मात्र जागेवरच राहिले. ‘शर्करा’तला ‘श’ असा योगायोगाने परत आला. पण हा केवळ योगायोग आहे, वारसा नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण उच्चार जुळला की व्युत्पत्ती सापडली असे मानणारे उत्साही संशोधक आपल्यातही कमी नाहीत.

उच्चारसाम्य किती फसवते याचे उदाहरण दिवाळीच्या फराळात आहे. शंकरपाळे! नावात साक्षात शंकर. पण हा शब्द फारसी ‘शकरपारा’, म्हणजे साखरेचा तुकडा. आपण त्याला देवाचे नाव देऊन घरात घेतले. उलट ‘गुलकंद’ कानाला पुरता यावनी वाटतो. त्यातला ‘गुल’ फारसी खराच, पण ‘कंद’ म्हणजे आपलाच ‘खंड’, साखरेचा तुकडा. तोच युरोपात जाऊन ‘कँडी’ झाला. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारून ‘महापौर’सारखे शब्द रुजवले. स्वकीय शब्द असताना परकीय घेऊ नये, हे त्यांचे सूत्र मला पूर्णतः मान्य आहे. पण स्वकीय कोणता हे ठरवण्यासाठी कोश उघडावा लागतो. कानावर विसंबून भागत नाही.

हिंदी भाषक साखरेला ‘चीनी’ म्हणतात आणि खडीसाखरेला ‘मिस्री’, म्हणजे इजिप्तची. चीनच्या इतिहासग्रंथात मात्र नोंद अशी आहे की इ. स. 647 मध्ये तांग सम्राट ताइझोंग याने साखर करण्याची कृती शिकण्यासाठी मगधात माणसे पाठवली. चिनी भाषेत तिचे एक जुने नाव आहे ‘शीमी’ : दगडी मध. पुन्हा खडेच! शिष्याने कृती सुधारली आणि गुरूच्या घरी त्या पदार्थाला शिष्याचे नाव पडले. यात रुसण्यासारखे काही नाही. विद्या पुढे नेणाऱ्याचे नाव राहते.

आता अगदी घरातल्या गोष्टीकडे येतो. गुळाला इंग्रजीत ‘जॅगरी’ म्हणतात. हा शब्द ‘गूळ’वरून आलेला नाही. केरळच्या किनाऱ्यावर मल्याळममधला ‘चक्कर’ पोर्तुगीजांनी ऐकला, त्याचा ‘जागरा’ केला, त्यावरून ‘जॅगरी’. आणि मल्याळम ‘चक्कर’ म्हणजे पुन्हा ‘शर्करा’. ‘शुगर’ आणि ‘जॅगरी’ या सख्ख्या बहिणी आहेत.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आज घरोघरी ‘आईंना शुगर आहे’, ‘दादांची शुगर वाढली’ असे बोलले जाते. ‘मधुमेह’ हा अर्थवाही, प्राचीन शब्द हाताशी असताना आपण रोगाला डब्यातल्या पदार्थाचे नाव दिले. परिणाम पाहा. ‘मधुमेह आहे’ म्हटले की माणूस सावध होतो. ‘जरा शुगर आहे’ म्हटले की तो चहातली साखर बंद करतो आणि निर्धास्त होतो. रक्तातली शर्करा म्हणजे ग्लुकोज. ते भाताने, पोळीने, बटाट्यानेही वाढते, हे ‘शुगर’ या शब्दामागे झाकले जाते. त्याहून मोठा घोटाळा गुळाचा. साखर वर्ज्य आहे ना, मग गुळाचा चहा घेऊ, गुळाची पोळी घेऊ! गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात हे खरे, पण त्याचा मोठा भाग साखरच असते आणि रक्ताला ती साखर म्हणूनच कळते.

आपल्या घरात कोणी वडीलधारे असा गुळाचा खडा तोंडात टाकताना दिसले, तर त्यांना हळूच ‘जॅगरी’ची व्युत्पत्ती सांगा. डॉक्टरांचे न ऐकणारी पुष्कळ माणसे शब्दाचे ऐकतात, असा माझा अनुभव आहे.